कोणाची भाषा मोजली गेली?

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला संगणकीय भाषाविज्ञान हा विषय शिकवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. विषय नवा, पुस्तके इंग्रजीत, आणि वर्गातील बहुतेक मुले-मुली मराठी माध्यमातून आलेली. पहिल्याच महिन्यात मी त्यांना एक साधे काम दिले. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे बोलणे दहा मिनिटे ऐकावे, ते जसेच्या तसे संगणकावर उतरवावे आणि त्यातील शब्द मोजावेत. एवढेच.

एका विद्यार्थ्याने आपल्या आजीचे बोलणे लिहून आणले. मजकूर स्वच्छ होता, अगदी पाठ्यपुस्तकात शोभावा असा. मी विचारले, "तुझी आजी असं बोलते?" तो खाली मान घालून म्हणाला, "नाही सर. पण मशीन सगळीकडं लाल रेघ मारत होतं. म्हणून ते सांगेल तसं बदलत गेलो." मग त्याने मूळ उतारा दाखवला. 'व्हतं'च्या खाली लाल रेघ. 'आमास्नी'च्या खाली लाल रेघ. 'तराळकी'च्या खालीही लाल रेघ, आणि तेथे यंत्राला पर्यायी शब्दसुद्धा सुचवता आला नव्हता. तेवढा एकच शब्द त्याने तसाच ठेवला होता.

नंतर तो म्हणाला, "सर, माझ्या आजीची मराठी, मराठी नाही का?"

हा प्रश्न भावनेचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु तो इतिहासाचा प्रश्न आहे. यंत्राला मराठी कोणी शिकवली, कोणत्या मजकुरावरून शिकवली आणि त्या मजकुरात कोण होते, याचा तो प्रश्न आहे. या विषयाच्या पुस्तकांत यंत्राच्या पराक्रमाचा इतिहास असतो. मोजल्या गेलेल्या आणि न मोजल्या गेलेल्या माणसांचा इतिहास त्यात नसतो. तो आपला आपणच मांडावा लागेल. या लेखात तसा प्रयत्न केला आहे.

१

भाषा मोजण्याचा उद्योग संगणकापेक्षा जुना आहे. १८९७-९८ च्या सुमारास जर्मनीत केडिंग नावाच्या गृहस्थाने सुमारे १ कोटी १० लाख जर्मन शब्दांची मोजदाद करून वारंवारितेचा कोश प्रसिद्ध केला. हेतू होता लघुलेखनाची पद्धत सुधारण्याचा. या कामासाठी ५,००० हून अधिक माणसे राबली. त्यांतल्या कितीजणांची नावे आज कोणाच्या लक्षात आहेत?

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील जेझुइट पाद्री रोबेर्तो बुसा यांनी संत थॉमस अक्वायनस यांच्या सर्व लॅटिन ग्रंथांची शब्दसूची करावयाचे ठरवले. १९४९ मध्ये ते आयबीएम कंपनीच्या प्रमुखांना भेटले आणि यंत्रांची मदत मिळवली. पुढे सुमारे तीस वर्षे हे काम चालले. संगणक आणि भाषा यांच्या संबंधाचा आरंभ म्हणून आज बुसा यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कार्डांवर भोके पाडून तो लॅटिन मजकूर यंत्रात घालणाऱ्या बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्यांच्या कामाची दखल संशोधकांनी घेतली ती अलीकडच्या काळात. ज्ञानाच्या इमारतीवर नाव एकाचे आणि पायातले दगड वाहणारे हात दुसऱ्यांचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी एक प्रयोग जाहीरपणे करून दाखवला. यंत्राने रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर केले. शब्दसंग्रह होता २५० शब्दांचा आणि नियम होते अवघे ६. पण शीतयुद्धाचा काळ होता. शत्रूची भाषा यंत्राला कळणार म्हटल्यावर सरकारी पैसा वाहू लागला. तीन-पाच वर्षांत भाषांतराचा प्रश्न सुटेल, असे सांगितले जाऊ लागले. तो सुटला नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत अल्पॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीने अहवाल दिला की, यंत्रभाषांतर माणसाच्या भाषांतराहून महाग आणि निकृष्ट आहे. मात्र भाषेचा संगणकाद्वारे मूलभूत अभ्यास व्हावा, असेही समितीने सुचवले. 'संगणकीय भाषाविज्ञान' हे नाव रूढ करणारे डेव्हिड हेज या समितीचे एक सदस्य होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या विषयाच्या संघटनेच्या नावात आधी 'यंत्रभाषांतर' हा शब्द होता. १९६८ मध्ये तो गळला आणि 'संगणकीय भाषाविज्ञान' तेवढे उरले.

विद्यापीठातील हा विषय अशा रीतीने युद्धाच्या गरजेतून आणि एका फसलेल्या आश्वासनातून उभा राहिला. ज्या भाषेमागे सैन्य आणि पैसा, तिच्यावर काम आधी. पहिला धडा हाच आहे. तो मी वर्गात पहिल्या दिवशी सांगतो.

२

दुसरा धडा मोजणीचा आहे. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात हेन्री कुचेरा आणि डब्ल्यू. नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी इंग्रजीचा एक संग्रह तयार केला. अशा संग्रहाला कॉर्पस म्हणतात. १९६१ या एका वर्षात अमेरिकेत छापून आलेल्या मजकुरातून ५०० नमुने निवडले. प्रत्येक नमुना सुमारे २,००० शब्दांचा. बातम्या, अग्रलेख, धर्म, छंद, विज्ञान, कथा-कादंबरी असे १५ विभाग. एकूण दहा लाखांहून थोडे अधिक शब्द. एका माणसाच्या आवडीनिवडीवर अवलंबून न राहता भाषेचा नमुना पद्धतशीर घ्यावयाचा, हा त्यातील विचार मोठा होता. जगभर त्याचे अनुकरण झाले.

पण एक शब्द लक्षात घ्यावा : छापून आलेला. जे छापले गेले ते भाषा, जे नुसते बोलले गेले ते बाहेर. १९६१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातील काळी माणसे शाळेच्या, बसच्या, मताच्या हक्कासाठी लढत होती. त्यांचे गाणे, त्यांची प्रवचने, त्यांच्या घरातले बोलणे या मोजणीत येण्याचा मार्ग छापखान्यातूनच जात होता. आणि छापखाना कोणाच्या हाती होता हे वेगळे सांगावयास नको.

या मोजणीतून एक गणिती वस्तुस्थिती पुढे येते. भाषेत थोडे शब्द फार वेळा येतात आणि फार शब्द थोड्या वेळा येतात. ब्राऊन संग्रहात इंग्रजीतील 'द' हा एकच शब्द एकूण शब्दांच्या सुमारे ७ टक्के जागा घेतो. उलट वेगवेगळ्या सुमारे ५०,००० शब्दांपैकी जवळजवळ निम्मे शब्द एकदाच येतात. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. प्रत्येक भाषेत तो थोड्याफार फरकाने दिसतो. त्यात कोणाचे कारस्थान नाही.

कारस्थान नाही, परंतु परिणाम आहे. यंत्राने क्वचित येणाऱ्या शब्दांचे काय करावयाचे? अनेक वर्षे सोपी रीत अशी होती की, ठरावीक वेळांपेक्षा कमी आलेले सगळे शब्द काढून टाकावयाचे आणि त्या सर्वांच्या जागी एकच खूण लिहावयाची : 'अज्ञात'. शेताचा शब्द असो, देवाचा असो, शिवीचा असो, नाव एकच. फळ्यावर मी हे लिहिले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे गावाबाहेरची वस्ती!" वर्ग हसला. मी मात्र खडू खाली ठेवला. याहून नेमके उदाहरण माझ्या पुस्तकात नव्हते.

अलीकडे ही रीत बदलली. आता यंत्र शब्दाचे तुकडे करते आणि तुकड्यांवरून अर्थ लावते. त्यामुळे कोणताही शब्द सर्वस्वी अज्ञात राहत नाही. पण नेहमी भेटणारा शब्द अखंड राहतो आणि क्वचित भेटणाऱ्या शब्दाचे अधिक तुकडे होतात. एखादा शब्द क्वचित का भेटतो? बोलणारे थोडे आहेत म्हणून, की बोलणारे पुष्कळ असून त्यांचे बोलणे कोणी लिहिलेच नाही म्हणून? यंत्राला या दोहोंतला फरक कळत नाही. शिक्षकाला तो कळला पाहिजे.

३

या इतिहासात महाराष्ट्राचे एक मानाचे पान आहे. ते आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक एस. व्ही. शास्त्री यांनी आपल्या सहकाऱ्यांसह भारतीय इंग्रजीचा कॉर्पस तयार केला. पद्धत ब्राऊनचीच : ५०० नमुने, सुमारे दहा लाख शब्द. वर्ष मात्र १९७८ निवडले. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी भारतीय इंग्रजीला स्वतःचे रूप आले असेल, असा त्यामागचा विचार होता. १९८६ मध्ये हा संग्रह अभ्यासकांना खुला झाला. 'कोल्हापूर कॉर्पस' हे नाव आज जगातल्या इंग्रजीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ज्या काळी महाविद्यालयात संगणक पाहावयास मिळणेही कठीण, त्या काळी एका जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम उभे राहिले, याचा अभिमान वाटावा असेच ते आहे.

तरीही १९७८ हे वर्ष मनात घोळत राहते. याच वर्षी दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. याच वर्षी जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि त्यापाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. १९७८ साली मराठी भाषेत जे घडत होते, ते शतकानुशतकांत घडले नव्हते. ज्यांना अक्षरबंदी होती ते आपल्या भाषेत आपले जगणे लिहीत होते. आणि त्या वर्षाचा महाराष्ट्रातला जो संग्रह यंत्रासाठी सिद्ध झाला, तो इंग्रजीचा.

यात शास्त्री यांचा दोष काढण्याचे कारण नाही. ते इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी आपले काम चोख केले. प्रश्न आहे तो आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेचा. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या आणि ज्या संस्थानातील माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले, त्या भूमीतील माणगावच्या भाषेचा संग्रह मात्र कोणाला सुचला नाही.

मराठीचा संगणकीय संग्रह झाला तो १९९० च्या दशकात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांसाठी योजना आखली आणि मराठीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेले. प्रत्येक भाषेचे सुमारे ३० लाख शब्द असे उद्दिष्ट होते. साधन पुन्हा छापील मजकूर. या संस्थेचे मूळ १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेत आहे, आणि त्या पाठशाळेचा खर्च ब्राह्मणांना दक्षिणा देण्याच्या पेशवाईतील निधीतून निघाला होता. गेल्या दोनशे वर्षांत संस्था बदलली, तिथले अभ्यासक बदलले. तरी भाषा म्हणजे काय हे ठरवण्याची जागा फारशी हलली नाही, असे म्हणावे लागते.

४

'पण जातीप्रमाणे भाषा बदलते हे शास्त्राला ठाऊकच नव्हते', असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. जॉन गंपर्झ यांनी १९५८ मध्ये उत्तर प्रदेशातील खलापूर या गावाच्या बोलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गावात सुमारे तीस जाती होत्या. स्पृश्य मानलेल्या जातींचे बोलणे बरेचसे एकसारखे आढळले. चर्मकार आणि सफाई कामगार जातींचे बोलणे मात्र उच्चारात वेगळे निघाले. जमिनीवरची रेषा जिभेवरही उमटली होती. आणि गंपर्झ यांनी कारणही दाखवले : रोजचा संबंध येतो म्हणून भाषा सारखी होत नाही. ज्यांच्याशी बरोबरीने, मैत्रीने बोलता येते, त्यांच्यासारखी ती होते. मालकाच्या शेतात दिवसभर राबून मालकासारखे बोलता येत नाही.

महाराष्ट्रात असेच काम फलटणला झाले. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेतून येथे आलेल्या विदुषींनी फलटणच्या बोलण्यातील सामाजिक भेदांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे त्या फलटणलाच राहिल्या आणि तेथे त्यांनी मुलांसाठी शाळा उभी केली.

आता त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दुसऱ्या दालनात डोकवावे. झेलिग हॅरिस यांनी तेथे भाषाविज्ञानाचा विभाग उभारला होता. १९५८-५९ मध्ये तेथे युनिव्हॅक संगणकावर इंग्रजी वाक्याचे पृथक्करण करणारा अगदी आरंभीचा एक कार्यक्रम तयार झाला. ते काम करणाऱ्यांत एक मराठी तरुण होता : अरविंद जोशी. १९२९ मध्ये पुण्यात जन्मलेले, पुण्यातच अभियांत्रिकी शिकलेले हे गृहस्थ पुढे या विषयाचे जगन्मान्य आचार्य झाले. १९७५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह वाक्यरचनेचे जे व्याकरण मांडले, ते आजही शिकवले जाते. २००२ मध्ये या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान त्यांचा होता. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. याच विद्यापीठात १९८९ पासून काही वर्षांत ४५ लाखांहून अधिक इंग्रजी शब्दांचा व्याकरणाच्या खुणा घातलेला संग्रह तयार झाला. 'वॉल स्ट्रीट जर्नल' या शेअरबाजाराच्या वृत्तपत्रातील मजकूर हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध भाग. जगभरच्या यंत्रांनी वाक्य कसे असते, याचे धडे पुढे अनेक वर्षे त्यावरून गिरवले.

एकाच विद्यापीठात फलटणच्या बोलीचा सामाजिक अभ्यासही झाला आणि यंत्राला वाक्य शिकवण्याचे शास्त्रही वाढले. पण पहिल्या दालनातील ज्ञान दुसऱ्या दालनाच्या अभ्यासक्रमात शिरले नाही. माझ्या वर्गातले विद्यार्थी जी पुस्तके वाचतात त्यांत शेअरबाजाराची वाक्ये भेटतात, फलटणची भेटत नाहीत. जातीने भाषा कशी वाटली जाते हे शास्त्राला कळले होते, परंतु यंत्र शिकवणाऱ्यांना ते जाणून घेण्याची गरज वाटली नाही. अज्ञान आणि गरज न वाटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी अधिक गंभीर आहे.

५

संगणकीय भाषाविज्ञान म्हटले की आपल्याकडे आणखी एक सूर ऐकू येतो : 'संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असल्याचे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने सिद्ध केले आहे.' पदवीदान समारंभात, दूरदर्शनवर, शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, त्याची वारंवारिता काढावी असे वाटते. वस्तुस्थिती एवढीच आहे. रिक ब्रिग्ज या त्या संस्थेच्या संशोधन केंद्राशी संबंधित अभ्यासकाने १९८५ मध्ये एका नियतकालिकात लेख लिहिला. वाक्याचा अर्थ संदिग्धता न ठेवता मांडण्याची संस्कृत शास्त्रकारांची पद्धत आणि संगणकात ज्ञान साठवण्याची एक पद्धत यांत साम्य आहे, असे त्याने दाखवले. तो एका अभ्यासकाचा लेख होता, संस्थेचा निर्वाळा नव्हता. संगणक चालवायला संस्कृत हवी, असे त्यातून निष्पन्न होत नाही. १९८५ नंतरच्या चार दशकांत जगातला कोणताही मोठा संगणक-व्यवहार संस्कृतवर उभा राहिलेला नाही.

पाणिनीची थोरवी याने कमी होत नाही. सुमारे ४,००० सूत्रांत एका भाषेची रचना बांधणारी, नियमांवरही नियम सांगणारी अष्टाध्यायी हे मानवी बुद्धीचे मोठे काम आहे. १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या संगणकतज्ज्ञाने संगणकभाषांचे नियम लिहिण्याच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे, असे सुचवले होते. अक्षर भारती, विनीत चैतन्य आणि राजीव संगल या नावांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने कारकविचाराच्या आधारे भारतीय भाषांच्या संगणकीय विश्लेषणाचा मार्ग दाखवला. हे सर्व मी शिकवतो आणि आदराने शिकवतो.

पण त्याच तासाला आणखी एक गोष्ट सांगतो. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून त्याला ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या श्रमाने संस्कृतचा अभ्यास केला. १९४९ मध्ये संस्कृतला राजभाषा करण्याच्या सूचनेला त्यांनी पाठिंबा दिल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले होते, हेही लपवण्याचे कारण नाही. त्यांचे भांडण भाषेशी नव्हते, भाषेच्या दारावर बसलेल्या माणसाशी होते. आयुष्याच्या उत्तरार्धात ते पाली शब्दकोशाचे काम करीत होते. ते महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या १६ व्या खंडात १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. शब्द गोळा करणे, त्यांची नोंद करणे हा बाबासाहेबांचाही वारसा आहे, हे आपण विसरतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली की, नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत बोलून बिघडवतात, तेव्हा ते वैदिक छंदात बांधू द्यावे. तथागतांनी त्यांना झिडकारले आणि आपापल्या बोलीत धम्म शिकण्याची मोकळीक दिली. 'आपापल्या' याचा अर्थ काय, यावर पंडितांत वाद आहेत. पण छंदात बांधण्यास नकार दिला, यावर वाद नाही. एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी महात्मा फुल्यांच्या मराठीतील व्याकरणाच्या चुका काढून त्यांची टर उडवली, तेव्हा तक्रार तीच होती. आज ती तक्रार कोणी माणूस करीत नाही. यंत्र मुकाट्याने लाल रेघ मारते.

६

आजची यंत्रे जुन्या संग्रहांवर चालत नाहीत. इंटरनेटवरचा अफाट मजकूर ती गिळतात. मग आपला प्रश्न सुटला का? २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की, मजकुरावरून शिकणारे यंत्र समाजातले पूर्वग्रहही शिकते. स्त्रीच्या शेजारी घरकाम बसवते आणि पुरुषाच्या शेजारी संगणक. हे अभ्यास अमेरिकेतले, म्हणून त्यात वंश होता, लिंग होते, जात नव्हती. २०२१ मध्ये गूगलमधील काही संशोधकांनीच लिहिले की, भारतात यंत्राचा न्याय-अन्याय तपासताना पश्चिमेची मापे पुरत नाहीत, जात लक्षात घ्यावी लागेल. जात लक्षात घ्या, हे सांगायला २०२१ साल उजाडावे लागले!

आडनावाशेजारी कोणता शब्द वारंवार आला, वस्तीच्या नावाशेजारी कोणता, हे यंत्र मोजते. वर्तमानपत्रांत आमची आडनावे अत्याचाराच्या बातमीत येतात आणि त्यांची सत्काराच्या बातमीत. मोजणी अचूक आहे. निष्कर्ष मात्र अन्यायाचा निघतो. हे समजण्यासाठी गणित आले पाहिजे आणि समाजही ठाऊक असला पाहिजे. म्हणून हा विषय आपल्या मुलांनी घेतला पाहिजे, असे माझे मत आहे. बाहेरून निषेध करून हे होणार नाही. मोजणाऱ्याच्या खुर्चीवर बसावे लागेल.

पण त्या खुर्चीचाही एक धोका आहे. तो मला त्या विद्यार्थ्याच्या आजीने शिकवला.

लाल रेघेच्या प्रसंगानंतर आम्ही वर्गात ठरवले की, आपल्या घरच्या बोलण्याचा छोटा संग्रह करावयाचा. प्रत्येक वाक्य दोन ओळींत लिहावयाचे. वरच्या ओळीत बोलले तसे, खालच्या ओळीत प्रमाण मराठीत. खालची ओळ वरच्या ओळीची दुरुस्ती नाही, केवळ समजुतीसाठी आहे, हे पहिल्या पानावर नमूद केले. उत्साहाच्या भरात मी त्या विद्यार्थ्याबरोबर त्याच्या गावी गेलो. आजी मोकळेपणी बोलली. लग्नातली गाणी, दुष्काळातले दिवस, सोसायटीचे रेशन. मग नवऱ्याच्या तराळकीवर आली. टपालाची पिशवी घेऊन पायी जायचे, मेलेले ढोर ओढायचे, पाटलाच्या दारात जोहार घालून भाकरीसाठी थांबायचे. आणि एकदम थांबून म्हणाली, "मास्तर, ह्ये लिवू नगासा. माझं बोलणं घ्या, गाणी घ्या. पर जोहार लिवू नगा. नातवाच्या पोरानं उद्या वाचलं तर?"

मी गप्प राहिलो. माझ्या मनात तो शब्द म्हणजे एक दुर्मिळ नोंद होती. तिच्या मनात ती चाळीस वर्षे वाकलेली पाठ होती. आजवर आपले बोलणे कोणी मोजले नाही म्हणून मी व्यवस्थेला दोष देत आलो होतो, आणि मोजण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा मीही न विचारता वही उघडली होती. १८९७ च्या केडिंगपासून आजच्या कंपन्यांपर्यंत कोणी शब्दाच्या मालकाला विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते.

तो भाग आम्ही गाळला. आजीचे नाव घातले नाही. उरलेले सगळे तिला वाचून दाखवले. वरची ओळ ऐकताना ती हसली. खालची ओळ ऐकून म्हणाली, "ह्ये कोण बोलतंय?"

आमचा संग्रह लहान आहे. कोणत्याही यंत्राला शिकवण्यास तो पुरणार नाही. पण त्याचा एक नियम पक्का झाला आहे : बोलणाऱ्याची संमती आधी, मोजणी नंतर, आणि बोलणाऱ्याने नको म्हटले तर शब्द कितीही मोलाचा असो, तो त्याच्या घरीच राहील. हा नियम माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात मला आढळला नाही. आमच्या वर्गात तो पहिल्या तासाला शिकवला जातो.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला वर्गातच दिले. तुझ्या आजीची मराठी ही मराठीच आहे. लाल रेघ भाषेची चूक दाखवत नाही, यादीतली उणीव दाखवते. ज्यांनी यादी केली त्यांच्या अंगणात तुझी आजी कधी उभी राहू शकली नाही, म्हणून तिचे शब्द तेथे नाहीत. आता यादी करण्याचे शास्त्र तुझ्या हाती येत आहे. ते नीट शीक. आणि यादी करशील तेव्हा आजीला आधी विचार.